पातळ हवेतलं पिचिंग: कोलोराडो रॉकीजचं दुखणं नेमकं कुठे आहे?

मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका मोसमात 162 सामने खेळतो. या खेळाचा स्वभावच असा की सुमार संघही साठ-पासष्ट सामने जिंकून जातो आणि उत्तम संघालाही साठेक पराभव चुकत नाहीत. तिथे डेन्व्हरच्या कोलोराडो रॉकीज संघाने 2025 मध्ये 43 सामने जिंकले आणि 119 गमावले. विसाव्या शतकापासून मोजलं तर याहून जास्त पराभव फक्त दोनच संघांच्या खात्यावर आहेत: शिकागो व्हाइट सॉक्स (2024, 121 पराभव) आणि न्यूयॉर्क मेट्स (1962, 120 पराभव). शिवाय ही एका वर्षाची अवकळा नव्हती. त्याआधी 2023 मध्ये रॉकीज 103 सामने हरले होते, 2024 मध्ये 101.

धावांचा हिशेब तर आणखी बोलका आहे. 2025 मध्ये रॉकीजनी 597 धावा केल्या आणि 1,021 दिल्या. 424 धावांची ही तूट आधुनिक बेसबॉलमधली सर्वांत मोठी आहे. फलंदाजीही वाईट होती, पण आपला विषय पिचिंगचा आहे, कारण खरा खड्डा तिथे पडला.

ज्यांनी बेसबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वतयारी. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. क्रिकेटमध्ये सहा चेंडूंनंतर गोलंदाज बदलतो, इथे तसं नाही. एकच पिचर सलग टाकत राहतो आणि एकदा त्याला बदललं की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. सामना सुरू करणारा तो स्टार्टर. नंतर येणारे ते रिलीव्हर, आणि त्यांच्या ताफ्याला बुलपेन म्हणतात. संघाकडे सहसा पाच स्टार्टर असतात आणि ते आळीपाळीने खेळतात, म्हणजे एकाची पाळी चार-पाच दिवसांनी येते. पिचर मोजायचं सर्वांत जुनं माप ईआरए: नऊ इनिंगच्या (इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव) पूर्ण सामन्यामागे त्याने सरासरी किती धावा दिल्या. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत. तीनच्या खाली ईआरए असेल तर पिचर अव्वल, चारच्या आसपास असेल तर बरा, पाचच्या वर गेला की नोकरी धोक्यात. रॉकीजच्या सगळ्या स्टार्टरांचा मिळून 2025 चा ईआरए 6.65 होता. 1913 मध्ये ईआरए अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली, तेव्हापासून कोणत्याही संघाच्या स्टार्टरांनी इतकी वाईट कामगिरी केलेली नाही.

रॉकीजचं नाव निघालं की पहिला विषय डेन्व्हरच्या हवेचा निघतो, आणि तो टाळता येत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच आहे, म्हणजे 1,609 मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर आहे. थोडक्यात, कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास उंचीवर एक पन्नास हजार आसनांचं स्टेडियम आहे आणि तिथे वर्षाला 81 सामने होतात. त्याचं नाव कूअर्स फील्ड. वरच्या मजल्यावरची विसावी रांग जांभळ्या रंगाची आहे, ती नेमकी एक मैलाची रेघ.

या उंचीवर हवा समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे 18 टक्के विरळ असते. फटका मारलेला चेंडू त्यामुळे लांब जातो, हे कुणालाही पटतं. पिचरचं जास्त नुकसान मात्र दुसऱ्याच जागी होतं. बेसबॉलमध्ये चेंडूला टप्पा नसतो. फलंदाजाला फसवायचं ते हवेतल्या हवेत, म्हणजे चेंडूला फिरकी देऊन. फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट बाजूला ढकलते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. ढकलायला हवाच कमी असेल तर वळणही त्या प्रमाणात कमी होतं. मायामीत फिरकीच्या जोरावर 18 इंच खाली वाकणारा कर्व्हबॉल डेन्व्हरमध्ये 15 इंचांच्या आसपासच वाकतो. तीन इंच म्हणजे बॅटच्या जाडीपेक्षा जास्त. चेंडू बॅटच्या खालून निघून जाणं आणि बॅटच्या मधोमध बसणं, यातलं अंतर तेवढंच आहे.

त्यात मैदानाची भर. चेंडू लांब जाणार हे ओळखूनच 1995 मध्ये कूअर्स फील्डचं मैदान मोठं बांधलं. मधली भिंत 415 फुटांवर आहे, डावीकडची 347 फुटांवर. होम रन, म्हणजे भिंतीपलीकडे जाणारे फटके, थोडे आवरले, पण तेवढ्या अफाट मोकळ्या जागेवर पहारा द्यायला क्षेत्ररक्षक तिघेच. मग इतरत्र सहज झेल ठरणारे चेंडू इथे त्यांच्यामध्ये जाऊन पडतात. पिचर अशा पेचात सापडतो: फलंदाजाने चेंडू उंच मारला तर तो भिंतीबाहेर जाईल, बेताचा मारला तर मोकळ्या जागेत पडेल. सुरक्षित मार्ग दोनच. चेंडूला बॅट लागूच द्यायची नाही, म्हणजे स्ट्राइकआउट. नाहीतर चेंडू जमिनीलगत मारायला लावायचा. आणि स्ट्राइकआउटसाठी जे वळण लागतं तेच हवेने काढून घेतलेलं. डेन्व्हरमधल्या पिचरची गाडी अडते ती नेमकी इथे.

चेंडूंबद्दल एक उपाय मात्र खरोखर लागू पडला. डेन्व्हरची हवा कोरडीही आहे. कोरड्या हवेत चेंडू सुकतो, कडक होतो, बॅटवरून जास्त उसळतो आणि पिचरच्या बोटांतून निसटतो. 1999 मध्ये या एका मैदानावर 303 होम रन मारले गेले. एका मैदानावर एका मोसमातला तो विक्रम आहे. 2002 पासून रॉकीज सामन्याचे चेंडू ह्युमिडॉरमध्ये ठेवू लागले. ही तापमान आणि आर्द्रता कायम राखणारी खोली असते, मुळात सिगार जपण्यासाठी वापरली जाणारी. त्याने होम रन कमी झाले. सुरुवातीला इतर संघांनी शंका काढल्या, टर उडवली. 2022 पासून लीगने तीसही मैदानांवर ह्युमिडॉर सक्तीचा केला. रॉकीजनी बेसबॉलला दिलेली ही बहुधा सर्वांत मोठी देणगी, आणि त्यांच्यासाठी दुर्दैव असं की ती सगळ्यांनाच मिळाली. ह्युमिडॉर चेंडू सुधारतो, हवा नाही.

बाकीच्या उपायांची कहाणी अशी सुखाची नाही. 2000 च्या हिवाळ्यात संघाने पैशाने प्रश्न सोडवायचं ठरवलं. माइक हॅम्प्टन या डावखुऱ्या पिचरशी आठ वर्षांचा 12 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला, डेनी नीगलशी पाच वर्षांचा 5 कोटी 10 लाखांचा. हॅम्प्टनने डेन्व्हर निवडताना तिथल्या शाळा चांगल्या असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यावर अमेरिकेत बरेच दिवस विनोद चालले. पहिल्या वर्षी त्याचा ईआरए 5.41, दुसऱ्या वर्षी 6.15. दोन मोसमांत त्याला निरोप दिला गेला. यातून पुढच्या सगळ्या पिचरांनी आणि त्यांच्या एजंटांनी धडा घेतला. कराराची मुदत संपलेल्या चांगल्या पिचरला दहा संघ बोलावत असतील तर तो डेन्व्हरला कशाला येईल? तिथे दोन वर्षं काढली की आकडे बिघडतात आणि पुढच्या कराराची किंमत पडते. रॉकीजना पिचर विकत घेणं अवघड जातं त्याचं मुख्य कारण हे. पैसा दुय्यम आहे. पैसा त्यांनी वेळोवेळी उधळला आहेच: 2022 मध्ये फलंदाज क्रिस ब्रायंटला सात वर्षांसाठी 18 कोटी 20 लाख डॉलर दिले, आणि दुखापतींमुळे तो मैदानावर फारसा दिसलाच नाही.

2012 मध्ये आणखी एक प्रयोग झाला. पाचाऐवजी चार स्टार्टर, आणि प्रत्येकाला सुमारे 75 चेंडूंची मर्यादा. फलंदाजांनी पिचरला तिसऱ्यांदा पाहण्याआधीच त्याला काढून घ्यायचं, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. आज अनेक संघ जवळपास तसंच करतात. पण तो मोसमाच्या मध्यावर, हाताशी होते त्याच पिचरांवर आणि तयारीविना लादला गेला. संघ 98 सामने हरला, प्रयोग गुंडाळला गेला. कल्पना सुचते, अर्धवट राबवली जाते, मग सोडून दिली जाते. रॉकीजच्या इतिहासात हे इतक्या वेळा झालंय की हवेपेक्षा याच सवयीने त्यांचं जास्त नुकसान केलं असं मला वाटतं.

असं म्हणायला आधार आहे. दोष फक्त हवेचा असता तर परगावी हा संघ सावरला असता. 2025 मध्ये तो परगावी घरच्यापेक्षाही वाईट खेळला. दुसरं, याच हवेत काही पिचर उत्तम खेळून गेले आहेत. उबाल्डो हिमेनेझने 2010 मध्ये 19 सामने जिंकले, ईआरए 2.88. होर्हे दे ला रोसाने कूअर्स फील्डवर 50 हून अधिक विजय मिळवले. 2018 मध्ये डेन्व्हरचाच मुलगा काइल फ्रीलंड 17-7 (17 विजय, 7 पराभव) असा खेळला, ईआरए 2.85, आणि घरच्या मैदानावर तर 2.40. त्या वर्षी फ्रीलंड, हेर्मान मार्केस, जॉन ग्रे आणि टायलर अँडरसन या चौघांच्या जोरावर संघाने 91 सामने जिंकून प्लेऑफ गाठला. हे चौघेही मेजर लीगमध्ये पहिल्यांदा खेळले ते रॉकीजकडूनच. बाहेरून आणलेल्या महागड्या नावांनी जे केलं नाही ते घरी घडवलेल्या पिचरांनी केलं. त्यानंतर मात्र घडवण्याचं यंत्रच बंद पडल्यासारखं झालं.

बंद पडलं कारण बाकीचं जग पुढे गेलं. गेल्या दहा-बारा वर्षांत पिचिंग हे प्रयोगशाळेतलं काम झालं आहे. अतिवेगवान कॅमेरे, चेंडूच्या फिरकीचा अक्ष मोजणारी यंत्रं, कोणत्या पिचरने कोणता चेंडू सोडावा आणि कोणता नवा शिकावा हे सांगणारे विश्लेषक. लॉस एंजेलिस डॉजर्स, टॅम्पा बे, मिलवॉकी हे संघ दुसऱ्यांनी टाकून दिलेले पिचर घेतात आणि वर्षभरात कामाचे करून दाखवतात. रॉकीजचा विश्लेषण विभाग लीगमधल्या सर्वांत लहान विभागांपैकी गणला जायचा. ज्या संघाला हवेचं शास्त्र सगळ्यांत जास्त समजायला हवं, त्याचीच प्रयोगशाळा सर्वांत तोकडी! मालक डिक मॉनफर्ट यांचा जुन्या, ओळखीच्या माणसांवर भर असायचा. मोठी पदं बहुधा घरातल्याच माणसांना मिळायची.

2025 चा तरुण स्टार्टर चेस डोलँडर पाहा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. 2023 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत) पहिल्याच फेरीत निवडलेला, टेनेसी विद्यापीठातून आलेला, जोरदार वेगाचा उजवा पिचर. पहिल्याच वर्षी त्याचा ईआरए परगावी साडेतीनच्या आसपास होता आणि घरी जवळजवळ दहा. म्हणजे पिचर तोच, खांदा तोच, पण निम्मं वर्ष तो चांगला स्टार्टर आणि निम्मं वर्ष कुणाच्याच कामाचा नाही. हे फक्त हवेवर ढकलून मोकळं होता येत नाही. घरी कोणता चेंडू किती टाकायचा, वळणावर कमी आणि वेगातल्या फरकावर जास्त भर द्यायचा का, दर आठवड्याला दोन वेगळ्या हवामानांत जाणाऱ्या पिचरची तयारी कशी करून घ्यायची, ही संघाने द्यायची उत्तरं आहेत.

मग नेमकी गरज कशाची? चाहत्यांना एखादा मोठा तारा हवा असतो. मला वाटतं पहिली गरज इनिंगची आहे, आणि ती साध्या गुणाकारात दिसते. 162 सामने गुणिले नऊ, म्हणजे वर्षाला साधारण 1,458 इनिंग टाकाव्या लागतात. स्टार्टरांनी सरासरी सहा इनिंग टाकल्या तर बुलपेनवर 486 पडतात. स्टार्टर साडेचार इनिंगमध्येच थकले किंवा झोडपले गेले तर बुलपेनवर 729. आठ रिलीव्हरांवर अडीचशे इनिंगचं जादा ओझं आलं की जूनपर्यंत त्यांचे हात उतरतात. मग तयार नसलेली पोरं मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघांतून, वर ओढावी लागतात, ती मार खातात, आणि त्यांचीही वाढ खुंटते. एका खराब स्टार्टरची किंमत अशी चार ठिकाणी वसूल होते. म्हणून 4.60 ईआरए असणारा, पण दर पाचव्या दिवशी मुकाट्याने पाच-सहा इनिंग टाकणारा अनुभवी पिचर या संघाला सोन्यासारखा आहे.

दुसरी गरज योग्य शस्त्रांची. मोठ्या वळणाच्या कर्व्हबॉलवर जगणारा पिचर इथे आणू नये. चेंजअप बऱ्यापैकी टिकतो, कारण तिथे फसवणूक वेगातल्या फरकातून होते. फलंदाजाला चेंडू वेगवान वाटतो आणि येतो मात्र हळू. बंदुकीच्या गोळीसारखा पुढच्या दिशेच्या अक्षावर फिरणारा स्लायडरही टिकतो, कारण तो मुळातच मॅग्नस परिणामावर फारसा अवलंबून नसतो. दे ला रोसाचं यशही स्प्लिट-चेंजअपवरच उभं होतं. आणि हो, चार-पाच प्रकारचे चेंडू येणारा पिचर इथे बरा, म्हणजे त्या दिवशी एक चालला नाही तर दुसरा काढता येतो.

आता मोसमाबाहेरच्या महिन्यांतल्या घडामोडी. सुरुवात खरं तर मोसमातच झाली होती. 10 मे 2025 ला रॉकीज सॅन डिएगोकडून 21-0 असे हरले. दुसऱ्या दिवशी जिंकले, आणि त्याच दिवशी मॅनेजर (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला असं म्हणतात) बड ब्लॅक यांना काढण्यात आलं. संघ तेव्हा 7 विजय, 33 पराभव अशा स्थितीत होता. वॉरन शेफर हंगामी मॅनेजर झाले आणि नंतर त्यांनाच कायम करण्यात आलं. मालकांचा मुलगा वॉकर मॉनफर्ट कारभारात पुढे आला. मोसम संपताच जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंची निवड आणि खरेदी पाहणारे, बिल श्मिट गेले आणि नोव्हेंबरमध्ये बेसबॉल विभागाच्या प्रमुखपदी पॉल डिपोडेस्टा यांची नेमणूक झाली.

ही नेमणूक अनेकांना चक्रावून गेली. डिपोडेस्टा हार्वर्डचे. 2002 च्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने सलग 20 सामने जिंकले तेव्हा ते बिली बीन यांचे सहायक होते. आकड्यांच्या आधारे स्वस्तात संघ बांधण्याच्या त्या कहाणीवर पुढे पुस्तक आणि चित्रपटही आला. पण 2016 पासून जवळपास दहा वर्षं ते बेसबॉलमध्ये नव्हतेच, क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघात होते. त्या काळातच पिचिंगचं शास्त्र सर्वांत जास्त बदललं. ही उणीव भरायला त्यांनी जनरल मॅनेजर म्हणून जॉश बर्न्स यांना आणलं. बर्न्स डॉजर्समधून आले, म्हणजे आज पिचर घडवण्यात सर्वांत पुढे असलेल्या संस्थांपैकी एकीतून. शिवाय ते कधीकाळी रॉकीजमध्ये काम करून गेलेले, त्यामुळे या हवेचा अनुभवही आहे. पिचिंग कोच बदलला: मायामीहून अलोन लायखमन आले, जे इस्रायलमध्ये वाढले. पिचिंग विभागात बाहेरून आलेली माणसं इतक्या संख्येने या संघात मी तरी पूर्वी पाहिलेली नाहीत, आणि सगळ्या हिवाळ्यातला महत्त्वाचा बदल माझ्या मते हाच.

खेळाडूंची खरेदी साधीच झाली. मायकेल लॉरेन्झनशी एका वर्षाचा 80 लाख डॉलरचा करार, पुढचं वर्ष ठेवायचं की नाही हे संघाच्या मर्जीवर. 34 वर्षांचा लॉरेन्झन सहा-सात प्रकारचे चेंडू टाकतो आणि 2023 मध्ये फिलाडेल्फियाकडून त्याने नो-हिटर टाकला होता, म्हणजे पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिला नाही. त्याच्या जोडीला डावखुरा होसे किंताना आणि जपानी तोमोयुकी सुगानो, दोघेही पस्तिशीपलीकडचे. यातला एकही तारा नाही. तिघांचं काम एकच: इनिंग भरून काढणं. सुगानोबद्दल मला धाकधूक आहे. 2025 मध्ये बाल्टिमोरकडून त्याने 33 होम रन दिले, तेही समुद्रसपाटीला. आणि निर्णय घेणारे लोक तेच जुने असते तर ही तिन्ही खरेदी मी नेहमीची मलमपट्टी म्हणून सोडून दिली असती.

रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये पहिली निवड रॉकीजची होती आणि त्यांनी डेट्रॉइटकडून आर. जे. पेटिट हा सहा फूट आठ इंचांचा रिलीव्हर उचलला. नियम मजेशीर आहे. दुसऱ्या संघाने मायनर लीगमध्ये अडकवून ठेवलेला, मुख्य यादीत न घेतलेला खेळाडू एक लाख डॉलरला उचलता येतो, पण त्याला वर्षभर मेजर लीगमध्येच ठेवावं लागतं. नाहीतर निम्म्या किमतीत मूळ संघाला परत देऊ करायचा. हरणाऱ्या संघाला हे परवडतं, कारण त्याच्याकडे एखाद्याला मार खात शिकू द्यायला जागा असते. व्हाइट सॉक्सनी आदल्या वर्षी याच मार्गाने उचललेला शेन स्मिथ 2025 मध्ये थेट ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंत गणला गेला.

एका बाबतीत मात्र नियमानेच त्यांना झटका दिला. सर्वांत वाईट संघाला नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पहिली संधी मिळावी असं कुणालाही वाटेल. पण मुद्दाम हरण्याला आळा घालायला लीगने लॉटरी आणली आहे, आणि रॉकीजसारखा संघ सलग तीन वर्षं त्या लॉटरीत बसू शकत नाही. 2024 मध्ये त्यांना तिसरी निवड मिळाली होती, 2025 मध्ये चौथी. म्हणून 119 पराभव सोसूनही 2026 मध्ये त्यांच्या वाट्याला दहावी निवड आली.

हे बदल लागू पडताहेत का, हे विजयांच्या आकड्यावरून लगेच कळणार नाही. पाहायचं ते इतकंच: स्टार्टर सहाव्या इनिंगपर्यंत पोचतात का, डोलँडरच्या घरच्या आणि बाहेरच्या ईआरएमधली दरी कमी होते का, आणि लॉरेन्झन-किंताना यांच्यापैकी कुणी पहिल्या अर्ध्यात बरा खेळला तर खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीआधी रॉकीज त्याला प्लेऑफमधल्या एखाद्या संघाला देऊन बदल्यात काय घेतात. 2025 च्या जुलैमध्ये त्यांनी रायन मॅकमहॉनला यँकीजकडे पाठवून दोन तरुण पिचर घेतले होते, त्यांतला एक डावखुरा ग्रिफिन हेरिंग. असे आणखी चार-सहा हेरिंग जमले आणि त्यांना घडवणारी माणसं पाच वर्षं जागेवर टिकली, तर हवेची सबब सांगायची वेळ या संघावर कमी येईल.